'इतर अधिकार'च्या रकान्यात

गाव नमुना सात, म्हणजे आपण ज्याला सातबाऱ्याचा वरचा भाग म्हणतो तो कागद, बारकाईने वाचायची सवय फार थोड्यांना असते. डावीकडे भोगवटादाराचे नाव, उजवीकडे 'कुळ, खंड व इतर अधिकार'. विहिरीतला वाटा, पाइपलाइन, सोसायटीचा बोजा, बहिणीचा हक्क असे सगळे या उजव्या रकान्यात कोंबलेले असते. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, प्रवरा आणि मुळा जिथे उगम पावतात त्या डोंगरपट्ट्यात, वनहक्क मिळालेल्या जमिनींचे जे उतारे मी पाहिले त्यांत डावीकडे 'वन' किंवा सरकार होते आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या महादेव कोळी किंवा ठाकर कुटुंबाचे नाव उजवीकडे, सोसायटीच्या बोजाच्या शेजारी होते.

तलाठ्याच्या दृष्टीने ही फेरफाराची एक नोंद आहे. कसणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यात एक जुना प्रश्न अडकलेला आहे : सरकारने ही जमीन परत केली, की वापरायला दिली?

मी पेशाने इतिहासकार नाही. पोटापाण्याचा उद्योग वेगळा; गॅझेटियर, जुने कायदे आणि कचेऱ्यांतले कागद वाचायला मी स्वतःच शिकलो. त्यामुळे माझी मांडणी एखाद्या अभ्यासकाला ओबडधोबड वाटेल. पण या एका रकान्याचा माग काढताना जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवावे असे वाटते. (नगर जिल्ह्याचे १८८४चे गॅझेटियर कोणी चाळणार असेल तर एक सूचना. त्यात अकोले सापडत नाही, 'अकोला' शोधावे लागते. विदर्भातल्या अकोल्याशी त्याचा संबंध नाही.)

अकोल्याचा डोंगरी भाग कोणाचा, हा प्रश्न इंग्रजांच्या आधी ज्या रीतीने विचारला जात असे ती रीत वेगळी होती. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३०च्या दशकात महादेव कोळ्यांवर एक सविस्तर वृत्तान्त लिहिला. तो त्यांना पकडायच्या कामावर असलेला अधिकारी होता, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा लागतो. तरी त्यातून एवढे स्पष्ट होते की कोळी नाइकांकडे गड आणि घाट राखण्याची जबाबदारी होती आणि त्या बदल्यात मानपान, हक्क आणि नेमणुका होत्या. जमिनीचा हक्क आणि राखणीची जबाबदारी या दोन्ही एकाच दोरीच्या गाठी होत्या. १८१८ नंतर गडांवरची शिबंदी मोडली, नेमणुका कमी झाल्या आणि ती दोरी सुटली. रामा किरव्याचे बंड त्यानंतर दहाएक वर्षांनी झाले. राघोजी भांगरे अकोल्यातल्या देवगावचा. त्याचे बंड १८४०च्या दशकातले आणि त्याचा रोख प्रामुख्याने सावकारांवर होता. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली गेली. त्याच्या नावाने आज पुतळे आहेत, जयंत्या होतात. पण त्याच्या बंडाचे कारण शौर्यकथेत नीट बसत नाही, कारण ते कर्जखताचे आणि गहाणाचे कारण आहे. दक्षिणेतले सावकारविरोधी दंगे म्हणून आपण १८७५ शिकतो. अकोल्याच्या डोंगरात तीच तक्रार तीस वर्षे आधी हत्यार घेऊन उभी राहिली होती.

सावकाराने जमीन नेली ती एकेकाची. एकदम सगळ्यांची नेली ती १८७८च्या वन कायद्याने.

या कायद्याच्या मागे सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद झाला होता. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, सरकारने लिहून दिलेला नसेल तर जंगलातला कोणताही वापर हा हक्क नव्हे, ती फक्त सरकारने चालवून घेतलेली सवलत आहे. आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. वन खात्याचा पहिला प्रमुख डिट्रिश ब्रँडिस याला इतके टोक मान्य नव्हते. मद्रास सरकारने तर विरोधच केला. शेवटी कायद्यावर छाप पडली ती मुख्यतः बेडन-पॉवेलच्या विचाराची. 'हक्क' आणि 'सवलत' हे दोन शब्द तेव्हापासून आपल्या मागे लागले आहेत, आणि माझ्या मते सातबाऱ्यातला उजवा रकाना हा त्या 'सवलती'चाच आजचा वंशज आहे.

कायद्याची रीत अशी होती : एखादा डोंगर राखीव करायचा तर सरकार जाहीरनामा काढी, वन जमाबंदी अधिकारी नेमी, आणि ज्यांचा त्या जागेवर काही दावा असेल त्यांनी ठरलेल्या मुदतीत तो मांडायचा. मुदत किमान तीन महिन्यांची. मुदतीत दावा आला नाही तर हक्क संपला. जाहीरनामा स्थानिक भाषेत काढायची अट होती खरी, पण ज्या वाडीत एकालाही अक्षर वाचता येत नाही तिथे भाषा कोणती हा प्रश्न गौण ठरतो. शिवाय दावा मांडायचा तर जमीन आपली आहे असे आधी वाटायला हवे. ज्या माणसाने डोंगराकडे कधी 'मालमत्ता' म्हणून पाहिलेच नाही तो काय मांडणार? अशा रीतीने गप्प राहिलेल्यांच्या मौनातून सरकारी मालकी तयार झाली.

लोक अगदीच गप्प होते असेही नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजणे ही कोकण-मावळातली रीत. झाडांच्या फांद्या छाटून, पालापाचोळा आणि शेण पसरून, वाफा भाजायचा आणि त्या राखेत बी टाकायचे. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. वन खात्याने फांद्या छाटण्यावर बंधने घातली तेव्हा ठाणे-कुलाबा भागातून एवढा ओरडा झाला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. त्याच सुमारास महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर केलेली टीका आपल्याला माहीत आहे. सह्याद्रीच्या अलीकडच्या उतारावर, आमच्या बाजूला, राब आणि वरई-नाचणीची डोंगरउतारावरची शेती याच होती आणि अडचणीही याच होत्या.

त्यानंतर भंडारदऱ्याचे धरण आले. १९१० साली काम सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. विल्सन धरण, आर्थर लेक ही नावे इंग्रज साहेबांची. पर्यटकांना काजवे दिसतात, अंब्रेला धबधबा दिसतो, रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर दिसते. मला त्या जलाशयाकडे पाहताना नेहमी नकाशा आठवतो. खोऱ्याचा तळ, म्हणजे सपाट आणि ओलीची जमीन, पाण्याखाली गेली. वरचा उतार वन खात्याने आधीच आखून घेतलेला. या दोहोंच्या मध्ये जो माणूस राहिला त्याने शेती करायची कुठे? तो वर सरकला, आणि वर सरकला म्हणून कागदावर 'अतिक्रमणदार' झाला.

पाणी गेले खाली, प्रवरेच्या कालव्यांनी. तिथे उसाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची बेलापूर कंपनी त्यांतली एक. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. पुढे १९६१चा कमाल जमीन धारणेचा कायदा झाला, कंपन्यांची जमीन सरकारकडे आली, १९६३ साली शेती महामंडळ निघाले, आणि मूळ खंडकरी शेतकरी आपलीच जमीन सरकारकडे मागत बसले. मोर्चे, कोर्ट, निवडणुका असे सगळे झाले आणि अखेर २०१२ पासून जमिनी प्रत्यक्ष परत मिळू लागल्या. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. एकाच जिल्ह्यात, एकाच नदीच्या दोन टोकांना, सरकारकडे गेलेली जमीन परत मागणारे दोन समाज आहेत. खालच्या टोकाला जमीन मिळाली ती भोगवटादार म्हणून. आधी वर्ग दोन, मग वर्ग एक करण्यासाठी पुन्हा खटपट. पण नाव डाव्या रकान्यात. वरच्या टोकाला नाव उजव्या रकान्यात. खंडकऱ्यांना जे मिळाले ते न्याय्यच होते, त्याबद्दल माझा आक्षेप नाही. त्यांच्याकडे खंडाचे करारपत्र होते, डोंगरातल्या माणसाकडे नव्हते, एवढाच फरक मला दिसतो.

स्वातंत्र्यानंतरचा काळ अकोल्याच्या दृष्टीने नुसता वाईट म्हणता येत नाही. १९७४ साली महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनीबाबत दोन कायदे केले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद त्यांत होती, आणि पुढची हस्तांतरे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होऊ नयेत असेही ठरले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना खटल्यात हे कायदे वैध ठरवले. राघोजीला जे हवे होते ते सव्वाशे वर्षांनी कायद्यात आले, असे म्हणायला हरकत नाही. पण हे सगळे खासगी जमिनीपुरते. सावकाराने नेलेले परत मागता येत होते. सरकारने नेलेले नाही.

सरकारने नेलेल्या जमिनीवर तोपर्यंत वेगवेगळ्या तात्पुरत्या सोयी चालत. राज्यात कुठे 'एकसाली' प्लॉट, म्हणजे वर्षावर्षाच्या बोलीने दिलेली वनजमीन, रायगडकडे 'दळी'. १९७८-७९ साली अतिक्रमणे नियमित करण्याचे शासननिर्णय निघाले, त्यावर अंमल अर्धामुर्धा झाला. १९८० साली केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला आणि राज्याचे हात बांधले गेले. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले, त्यामुळे ज्या गावांना आधीच वन खात्याच्या परवानगीने जगावे लागत होते त्यांच्यावर आणखी एक कायदा बसला. प्रदीप प्रभू यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींच्या दाव्यांची नीट चौकशी करा असे सांगितले. तरी मे २००२ मध्ये केंद्राचे पत्र निघाले की वनजमिनीवरची अतिक्रमणे काढा. महाराष्ट्राने त्याच वर्षी १० ऑक्टोबरला वेगळा शासननिर्णय काढला आणि गावपातळीवर समिती बसवून, तोंडी पुरावाही धरून, दावे तपासायची पद्धत घातली. हा निर्णय फारसा आठवला जात नाही. पुढे देशाच्या कायद्यात जे आले त्याचे बी त्यात होते, असे माझे मत आहे.

वनहक्क कायदा २००६चा. अंमल ३१ डिसेंबर २००७ पासून, नियम १ जानेवारी २००८चे. त्याच्या प्रस्तावनेतच वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला असे संसदेने मान्य केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, पतिपत्नी दोघांच्या नावे. वारसाने मिळणारी, पण विकता न येणारी. दावा ग्रामसभेपुढे सुरू होतो, मग उपविभाग, मग जिल्हा. नियमांत दावे मागवायची मुदत किती? तीन महिने! १८७८च्या कायद्यात हक्क गमावायला जेवढी मुदत होती तेवढीच आता तो मागायला. फरक एवढा की ही मुदत वाढवायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि हा फरक लहान नाही.

पुराव्यांची यादी वाचताना मला हसू आले आणि वाईटही वाटले. गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वन खात्याचे कार्य आयोजन, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब. यांपैकी दोन हवेत. प्रत्यक्षात कोणाचे काम लवकर झाले? ज्याच्याकडे वन खात्याने केलेल्या दंडाची पावती होती त्याचे. जंगलात नांगर घातला म्हणून गार्डाने केस केली, तो कागद घरात कुठे तरी आढ्याला खोचून राहिला, आणि तीस वर्षांनी तोच ताब्याचा पुरावा झाला. ज्याने कोंबडी आणि पायलीभर तांदूळ देऊन प्रकरण मिटवले त्याच्या हाती काहीच नाही. एका ठाकरवाडीत एक आजोबा मला म्हणाले, "त्या येळला पावती मागितली आसती तर बरं झालं आसतं. पन पावती मागायला बी धाडस लागतं." त्यांचा जबाब मी लिहून घेतला. त्यांनी बांधावरच्या हिरड्याच्या झाडावरून वर्षे मोजली. हे झाड बापाने कोणत्या साली राखले, ते धरायला कधी लागले, बाळहिरडा पहिल्यांदा कधी विकला, असे सगळे त्यांना पाठ होते.

२०१८च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या मोर्चात वनजमिनीची मागणी अग्रभागी होती. अकोल्याचे डॉ. अजित नवले त्या मोर्चाच्या नेतृत्वात होते. सहा महिन्यांत दावे निकाली काढू, असे सरकारने लिहून दिले. पुढच्या वर्षी १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवा असा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. त्या पंधरा दिवसांत वाड्यांवर जी भीती पसरली ती मी पाहिली आहे. जमिनीचा पट्टा हातात असलेली माणसेही विचारत होती, "आपलं काय?" मे २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतल्या अधिकारात अधिसूचना काढून जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली; अकोल्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने तिचा उपयोग आमच्याकडेही झाला. २०२३च्या एप्रिलमध्ये किसान सभेचा मोर्चा अकोल्यातून लोणीकडे, तेव्हाच्या महसूलमंत्र्यांच्या गावाकडे निघाला. या सगळ्या आंदोलनांत एक मागणी पुन्हा पुन्हा दिसते : पट्टेधारकाचे नाव कब्जेदार सदरी लावा आणि जमिनीपुढचा 'पोटखराबा' काढा. ज्या जमिनीत भात पिकते तिला कागदावर पोटखराबा म्हणायचे, आणि मग पीकविमा, नुकसानभरपाई, पीककर्ज या प्रत्येक ठिकाणी तो शब्द आडवा यायचा.

इथे माझे मत थोडे वेगळे आहे, तेही सांगून टाकतो. काही कार्यकर्त्यांना वाटते की खंडकऱ्यांसारखी पूर्ण, विकता येणारी मालकी मिळायला हवी. मला ते धोक्याचे वाटते. भंडारदऱ्याच्या काठावर आज रिसॉर्ट आणि तंबूंना जागा हवी आहे. विक्रीची मोकळीक मिळाली तर दहा वर्षांत हे डोंगर पुन्हा दुसऱ्याच्या नावावर जातील. विकता न येणे हे दुय्यमपण नव्हे, ते संरक्षण आहे. दुय्यमपण आहे ते रकान्यात. भोगवटादार म्हणून नाव लावावे आणि पुढे 'हस्तांतरास बंदी' असा शेरा मारावा. कायद्याच्या हेतूला त्याने कुठेही बाध येत नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७२च्या कायद्याने तिथल्या आदिवासींसाठी एक भूमिन्यास स्थापन झाला. कोट्यवधी हेक्टर जमीन त्यांच्या 'हितासाठी', पण सरकारी यंत्रणेच्या ताब्यात. ती त्यांच्या स्वतःच्या संस्थांकडे सोपवण्याचे काम अनेक दशके रेंगाळत चालले आहे. उलुरू हा प्रचंड खडक २६ ऑक्टोबर १९८५ रोजी अनंगू लोकांना परत दिला गेला, आणि त्याच दिवशी त्यांनी तो ९९ वर्षांच्या भाड्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला दिला. अट अशी की उद्यानाच्या मंडळावर बहुमत त्यांचे. काहींना हे नाटक वाटते. मला मात्र कळसूबाईच्या अभयारण्याकडे पाहताना ती अट आठवते. वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. पण भाडेकरू कोण आणि मालक कोण, हा क्रम उलटा करून पाहायची कल्पनाच आपल्याकडे कोणी मांडलेली माझ्या वाचनात नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ खटल्यात सरकार हे नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्त आहे असे म्हटले. विश्वस्त म्हटले की लाभधारकही आला. तो कोण, याचे उत्तर डोंगरातल्या गावांपुरते तरी २००६च्या कायद्यात आहे.

ते उत्तर वैयक्तिक पट्ट्यात नाही, सामूहिक हक्कात आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्यामुळे महाराष्ट्रभर झाली. पण हक्काचा कागद हाती आल्यावरही बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना वन खातेच देणार, असा अडसर राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेकडे दिले, तेव्हा बांबू खऱ्या अर्थाने गावाचा झाला. मालकी २००९ची, ताबा २०११चा.

आमच्या जिल्ह्यात चर्चा अजून मुख्यतः चार हेक्टरांच्या पट्ट्यांभोवती फिरते. ते साहजिक आहे; भूक आधी स्वतःच्या खाचराची असते. पण हिरडा, करवंद, कारवी, चराई, पाणवठे, देवराया हे चार हेक्टरांत येत नाहीत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती राखलेल्या बियाण्यांसाठी, आणि ते बियाणे ज्या भूप्रदेशात टिकले तो अख्खा डोंगर आहे.

सामूहिक दाव्यासाठीही पुरावा लागतो, आणि इथे माझ्यासारख्या हौशी माणसाला थोडे काम आहे. नियमांच्या यादीत गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल आणि वन खात्याची जुनी कार्य आयोजने आहेत, हे वर आलेच. जंगल राखीव करताना कोणत्या गावाला चराईची, राबाच्या फांद्यांची, सरपणाची आणि फळांची 'सवलत' चालू ठेवली, याच्या नोंदी सरकारनेच करून ठेवल्या होत्या. सरकारने हक्क नाकारताना लिहिलेला तो कागद आज वहिवाटीचा पुरावा म्हणून ग्रामसभेपुढे ठेवता येतो. असे उतारे गाववार उतरवून काढायचे काम मी सुरू केले आहे. मोडी आणि जुनी इंग्रजी दोन्ही वाचावी लागतात, कागद ठिसूळ झाले आहेत, आणि गावांची नावे इंग्रज कारकुनाने वाटेल तशी लिहिली आहेत. ज्या वाड्यांचे दावे अजून दाखल व्हायचे आहेत त्यांची नावे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत, आणि त्याच क्रमाने काम चालू आहे.